वही, बीम आणि वस्तादांचा डोळा

नांदेडच्या गुरुगोविंदसिंगजी स्टेडियमवर किंवा लातूरच्या जिल्हा क्रीडा संकुलात पहाटे गेलं की भरतीची पोरं दिसतात. कुणी पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पळत असतो, कुणी गोळा फेकत असतो, तर कुणी लोखंडी दांडीला लोंबकळलेला असतो. या दांडीच्या व्यायामाला पोरं ‘बीम’ म्हणतात. दांडी धरून लोंबकळायचं आणि फक्त हात, खांदे आणि पाठीच्या जोरावर हनुवटी दांडीच्या वर न्यायची. सैन्यभरतीचं गणित पोरांना तोंडपाठ असतं : दहा बीमला 40 गुण, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. सहाच्या आत नापास.

या कोष्टकात शून्यापासून पाचापर्यंतच्या प्रवासाला जागाच नाही. आणि बहुतेक पोरं खचतात ती नेमकी याच टप्प्यात. मग रोजची बारीकसारीक सुधारणा टिपून ठेवावी, की तिकडे लक्ष न देता घाम गाळत राहावं? पुढचा संवाद या प्रश्नावरचा आहे. एक बाजू लातूरच्या तालमीत हयात घालवलेल्या वस्तादांची, दुसरी नांदेडमध्ये भरतीच्या मुलांची शारीरिक तयारी करून घेणाऱ्या ताईंची. ही दोन माणसं मराठवाड्यातल्या दोन वृत्तींची रूपं म्हणून कल्पिली आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे आणि तो रोज मैदानावर चालतो.

वस्ताद : पोरी, तुझी पोरं बघितली मी. बीमवरनं खाली उतरला की पहिल्यांदा वहीकडं पळायलाय. दम तरी खाऊ दे की त्याला! आमच्या वेळंला हाताला माती असायची, पेन नसायचा. वस्ताद म्हणायचे मार, की मारायचं. थांब म्हणायचे, की थांबायचं. त्यातनंच अंग तयार व्हायचं.

ताई : वस्ताद, त्या वहीत काय लिहिलंय ते बघितलंत का तुम्ही? नवा मुलगा येतो तेव्हा त्याला एकही बीम निघत नाही. घरी गेल्यावर वडील विचारतात, “किती झाले?” तो म्हणतो, “शून्य.” महिनाभर रोज तेच उत्तर. अशाने कोण टिकेल? म्हणून आम्ही शून्य लिहीतच नाही. पहिल्या दिवशी लिहितो, किती सेकंद लोंबकळला. मग स्टुलावरून दांडीच्या वर जायचं आणि सावकाश खाली यायचं. खाली येताना किती आकडे मोजून झाले, ते लिहितो. पुढं कोपर किती वाकलं, पाय झटकायचे थांबले का, खांदे कानाला चिकटायचे कमी झाले का, हे लिहितो. महिन्यानंतरही बीम शून्यच असतो, पण मुलाच्या हातात चार-पाच बदलांचा पुरावा असतो.

वस्ताद : हे सगळं मला न लिहिता दिसतंय. आणि मला दिसलं की बास. पोराला कशाला सांगायचं? आपण सोयाबीन पेरल्यावर रोज उकरून बघतो का, मोड आला का म्हणून? उकरलं की गेलं. पोराचं मनही तसंच असतं. रोज मोजलं की त्याचं ध्यान कामावरनं उडतं आणि फळावर जातं.

ताई : उकरून बघत नाही हे खरं. पण शेतकरी पेरून घरी झोपतही नाही. रोज बांधावरून एक फेरी मारतो. पान पिवळं पडलंय का, कुठं दाट उगवलंय, कुठं विरळ, हे बघतो आणि त्यावरून उद्याचं काम ठरवतो. माझी वही ती फेरी आहे.

वस्ताद : बरं, फेरी म्हण. पण मी लातूरचा माणूस आहे. आमच्या ट्युशन एरियात काय चाललंय ते रोज बघतोय. आठवड्याला चाचणी, चाचणीची यादी, यादीत नंबर. दोन मार्क कमी पडले की पोरगं जेवत नाही. खेड्यातनं आलेली, खोलीवर राहणारी पोरं. त्यांना सांगायला जवळ कुणी नसतं. मोजायचा हा रोग तू मैदानावरही आणायलीस. निदान मैदान तरी मोकळं राहू दे.

ताई : तुमची भीती मला पटते, आणि मी ती हलक्यानं घेत नाही. पण शिक्षणाच्या या ‘लातूर पॅटर्न’मध्ये दोन गोष्टी होत्या. एक, चाचणी झाली की चुकलेलं पुन्हा करून घेणं. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांचं नाव झालं ते अशा मेहनतीवर. दुसरी, भिंतीवरची यादी. पहिल्या गोष्टीनं मुलं घडली, दुसरीनं धास्तावली. माझ्या वहीत दुसऱ्या कुणाचा आकडा नसतो. हा मुलगा स्वतःच्या मागच्या महिन्याशी तुलना करतो, शेजारच्या मुलाशी नाही.

वस्ताद : शेजारच्याशी नको म्हटलं तरी पोरं करतातच.

ताई : करतात. म्हणून वह्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम.

वस्ताद : आता मला एक सांग. पहिला बीम निघाला की दोन-तीन आठवडे पोराची वाढ झपाट्यानं होते. आज एक, परवा दोन, आठवड्यात तीन. मग गाडी अडते. महिना-दीड महिना तीनच. तेव्हा तुझी वही काय करते? रोज तीन, तीन, तीन लिहिणाऱ्या पोराचं मन मोडत नाही?

ताई : हाच कळीचा प्रश्न आहे. सुरुवातीची ती झपाट्याची वाढ बहुतेक मज्जासंस्थेची असते. स्नायू तेवढेच असतात, पण मेंदू त्यांना एकजुटीनं कामाला लावायला शिकतो. स्नायू खरंच भरायला त्यानंतर वेळ लागतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, त्याहूनही सावकाश बळकट होतात. मुलाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपली कुवतच संपली. अशा वेळी फक्त आकडा लिहिला तर मन मोडणारच. म्हणून त्या दिवसांत आम्ही आकड्याच्या पलीकडचं लिहितो. तिसरा बीम काढताना मागच्या आठवड्यात दात-ओठ खाल्ले होते, आज श्वास चालू होता. दोन फेऱ्यांमधली विश्रांती थोडी कमी लागली. उतरताना धपकन सोडलं नाही. आकडा तीनच आहे, पण हा तीन वेगळा आहे.

वस्ताद : हे बोललीस ते तालमीतलं बोललीस. दोराचं असंच असतंय. कुस्तीला मनगट, पंजा, पाठ लागते, म्हणून आम्ही पोरांना दोरावर चढवायचो. पहिल्यांदा पायाच्या अंगठ्यात दोर धरून, अढी घालून, पायाच्या आधारानं चढायचं. मग पाय सोडून नुसत्या हातावर. कोण वर पोचलं याचं मला कधी कौतुक नव्हतं. उतरतो कसा, ते मी बघायचो. कच्चं पोरगं घसरत येतं आणि तळहात सोलून घेतं. तयार पोरगं एक हात सोडून दुसरा धरत, दमानं खाली येतं. ज्या दिवशी ते तसं उतरलं, त्या दिवशी त्याचा खुराक वाढवायचा आणि त्याला वरच्या जोडीबरोबर लढवायचं. पोराला नुसतं एवढंच सांगायचं : “उद्यापासनं तू त्या कोपऱ्यात.”

ताई : वस्ताद, तुम्ही आत्ता माझीच बाजू मांडलीत. उतरण्यातली ती बारीक सुधारणा तुम्ही टिपली, मनात ठेवली, तिच्यावरून खुराक आणि जोडी बदलली. “त्या कोपऱ्यात” हे तुमचं वहीतलं पान होतं आणि पोरालाही ते वाचता येत होतं. तालमीत नोंद नव्हती असं कसं म्हणता? ती वस्तादांच्या डोळ्यात होती.

वस्ताद : म्हणजे वस्ताद असला तर वही नको?

ताई : पण वस्ताद आहेत कुठं? तुमच्या जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदार मामांचंच घ्या. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मल्ल 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं, आणि पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यानं पोरं घडवली. त्या परंपरेत शिष्यावर रोज कुणाची तरी नजर असायची. माझ्याकडं येणारा मुलगा एरवी गावाकडं असतो. पहाटे डांबरी रस्त्यावर एकटा पळतो, झाडाच्या फांदीला लोंबकळतो आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतो. व्हिडिओतल्या माणसाला हा दिसत नाही. त्याच्याकडं बघणारं कुणी नसेल, तर स्वतःकडं नीट बघायला तरी त्याला शिकवलंच पाहिजे.

वस्ताद : (थोडं थांबून) हे मान्य. पण स्वतःकडं बघताना माणूस खोटं बघतो. एक तर स्वतःला लै चढवतो, नाहीतर लै पाडतो. थोडं काही जमलं की त्याला वाटतं, झालं आपलं काम, आता एक दिवस सुट्टी. अशी कितीतरी पोरं माझ्या डोळ्यांसमोर वाया गेली.

ताई : याला संशोधनाचाही दुजोरा आहे. आयलेट फिशबाख आणि रवी धर या दोन संशोधकांनी 2005 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आपली प्रगती चांगली चालली आहे असं जाणवून दिलं गेलं, त्यांच्यातल्या 85 टक्के लोकांनी जाताना सफरचंदाऐवजी चॉकलेट उचललं. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण 58 टक्के होतं. प्रगती दिसली की माणूस सैल सुटतो, हे तुमचं निरीक्षण चुकीचं नाही.

वस्ताद : मग? तरी वहीच?

ताई : तरी वहीच, कारण दुसऱ्या बाजूचा पुरावा जास्त वजनदार आहे. उद्दिष्टाकडची वाटचाल तपासत राहिल्यानं काय होतं, यावरचे 138 अभ्यास ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एकत्र करून पाहिले. त्यांत जवळपास 20,000 माणसं होती. जे आपली प्रगती तपासत राहिले, त्यांना उद्दिष्ट गाठणं अधिक जमलं. नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला सांगितली, तर परिणाम आणखी वाढला. अमेरिकेत टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 238 नोकरदारांच्या जवळपास 12,000 रोजनिशी नोंदी तपासल्या. माणसाचा दिवस कशानं चांगला जातो? बक्षीस किंवा शाबासकी यांच्यापेक्षा, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात आज थोडं पुढं सरकलो, या जाणिवेनं. फिशबाख यांचा इशारा आणि हे निष्कर्ष एकत्र ठेवले की मला एकच अर्थ दिसतो. प्रगती लिहून “वा!” म्हणून वही मिटली तर माणूस सुस्तावतो. प्रगती लिहून तिच्याखाली उद्याचं काम लिहिलं तर तो पुढं जातो.

वस्ताद : म्हणजे नुसता हिशेब नको, हिशेबातनं निर्णय पाहिजे.

ताई : अगदी तेच. आमच्या वहीत प्रत्येक नोंदीखाली एक ओळ सक्तीची असते : ‘उद्या काय बदलणार?’

वस्ताद : आता दुखण्याचं बोल. एका पोराला दोरावर दिवसातनं दोनदा चढायचा नाद लागला. रोज कालच्यापेक्षा एक फेरी जास्त. कोपर सुजलं, तरी सांगितलं नाही, कारण आकडा मोडला असता. शेवटी सगळा हंगाम बसून काढावा लागला. तुझी वही अशी पोरं तयार करणार नाही कशावरून?

ताई : करील, जर तिच्यात फक्त चढता आकडा लिहायचा असेल तर. कड्यावर चढणाऱ्यांमध्ये हे फार दिसतं. पकड वाढवायच्या नादात ते बोटांवर भार टाकत जातात. स्नायू तयार असतो, पण बोटांच्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे तयार नसतात, आणि ते फाटतात. म्हणून दुखणं, झोप, आराम हेही आम्ही लिहून घेतो. ‘आज कोपर दुखलं, बीम काढले नाहीत, फक्त पळालो’ ही वहीतली मानाची नोंद आहे. जिथं थांबायचं तिथं थांबता येणं ही सुधारणाच आहे.

वस्ताद : लहान लहान म्हणतेस, पण मोठ्या मैदानावर हे लहानपण चालतं का?

ताई : तिथं तर फक्त लहानच असतं. भिंत चढण्याचा खेळ आता ऑलिंपिकमध्ये आहे. 15 मीटर उंचीची भिंत, कोण लवकर वर जातो. 2017 मध्ये इराणच्या रेझा अलीपूरनं 5.48 सेकंदांचा विक्रम केला. इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्डोनं 2023 मध्ये 4.90 केला आणि पॅरिसला 2024 मध्ये अमेरिकेच्या सॅम वॉटसननं 4.74. जगातल्या उत्तम चढणाऱ्यांनी सात वर्षं झटून पाऊण सेकंदही कमी केला नाही. पण म्हणून कुणी त्यांना थांबलेले म्हणत नाही.

आणि आपल्या नांदेडचंच उदाहरण घ्या. मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात, एफ-34 या दिव्यांगांच्या गटात. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये 2021 साली त्यांनी 7.00 मीटर फेक केली, सातव्या आल्या. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 7.54 मीटर आणि रौप्य. 2024 च्या मे महिन्यात कोबेच्या जागतिक स्पर्धेत 7.56 आणि पुन्हा रौप्य. या दोन रौप्यपदकांच्या फेकींमध्ये अंतर दोन सेंटीमीटरचं.

वस्ताद : आणि पॅरिसला?

ताई : पॅरिसला 7.28, पाचव्या. उद्घाटनाला देशाचा ध्वज सुमित अंतिलबरोबर त्यांच्याच हातात होता.

वस्ताद : बघ, इथंच तुझी वही फसते. कोबेची ओळ वाचली तर बाई 28 सेंटीमीटर मागं गेली. टोकियोची ओळ वाचली तर 28 सेंटीमीटर पुढं गेली, सातव्यावरनं पाचवी आली. कुठली ओळ खरी?

ताई : दोन्ही. म्हणून तर सगळी पानं हवीत. ज्याच्याकडं फक्त कालचं पान आहे, तो एका वाईट दिवसानं खचतो. ज्याच्याकडं तीन वर्षांची पानं आहेत, त्याला वाईट दिवस त्याच्या जागी ठेवता येतो.

वस्ताद : ही गोष्ट मला व्यसनातही दिसली. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, पण पोरांच्या खिशात पुडी सापडतेच. पोरगं सोडतं, पंधरा दिवस नीट राहतं, एखाद्या लग्नात खातं, आणि म्हणतं, “वस्ताद, झालं, सगळं वाया गेलं.” मग पुन्हा पहिल्यासारखं सुरू. एका पुडीनं पंधरा दिवस कसे वाया जातील? पण ते त्याला पटत नाही.

ताई : कारण ते पंधरा दिवस त्याला दिसत नाहीत, लग्नातली पुडी तेवढी दिसते. माणूस बदलायला लागतो तेव्हा त्याला सगळ्यात मोठा धोका चूक होण्याचा नसतो. चुकीनंतर ‘मी होतो तसाच आहे’ असं वाटण्याचा असतो. त्या वेळी पानावरच्या पंधरा खुणा त्याला सांगतात की तू होतास तसा नाहीस. आमच्या वहीत बीमशेजारी आणखी दोन रकाने आहेत : पहाटे उठलो का, आणि जे सोडायचं ठरवलं ते आज सोडलं का. दंडातली ताकद आणि मनातली ताकद एकाच पानावर वाढताना दिसली, की मुलगा दोन्ही टिकवतो.

वस्ताद : ठीक. वहीला माझा विरोध मागं घेतो, पण अटी घालतो. एक, लिहायचं रोज, पण वाचायचं आठवड्यातनं एकदाच. रोज वाचलं की ते उकरणं झालं. दोन, ज्याच्याखाली उद्याचं काम नाही, ती नोंद खोडायची. तीन, कुणालाही दाखवायची नाही.

ताई : पहिल्या दोन कबूल. तिसरी अर्धी. शेजारच्या मुलाला दाखवायची नाही, मोबाइलच्या स्टेटसवर लावायची नाही. पण एका जाणत्या माणसाला दाखवायची. मुलगा स्वतःला चढवत असेल किंवा पाडत असेल, तर ते त्या माणसानं ओळखायचं. हे काम वहीला जमणार नाही. त्यासाठी तुमचाच डोळा लागेल.

वस्ताद : मग रविवारी पाठव पोरं. वह्या घेऊन.

या वादात मला दोघांचंही म्हणणं हवं आहे, पण कौल ताईंच्या बाजूनं आहे. लहान प्रगती बघण्यात दुबळेपणा नाही. गुणांच्या कोष्टकानं जिला जागा दिली नाही, ती पहिली चढण पार करायला दुसरा आधारच नसतो. दोघांच्या बोलण्यातून ठरलेल्या अटी मात्र सोडून चालणार नाहीत. नोंदीतून उद्याचं काम ठरलं पाहिजे, दुखणं आणि विश्रांती यांना पानावर मान मिळाला पाहिजे, आणि ते पान एखाद्या जाणत्या माणसानं वाचलं पाहिजे.

मराठवाड्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमी आता तालुक्या-तालुक्याला आहेत. प्रवेशाच्या दिवशी त्या मुलांना नाव छापलेला टी-शर्ट देतात. त्यांना एवढीच विनंती : टी-शर्टाबरोबर एक वही द्या, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाशेजारी बसून ती वाचा. ज्याला अजून एकही बीम निघत नाही, त्याची वही सगळ्यात आधी.